आईचा अंगठा आणि बाबांची पेटी

गेल्या पावसाळ्यात सिलिंडर संपला, दुसरा वेळेवर आला नाही, म्हणून फोंड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी आणली. तात्पुरती म्हणून आणली आणि ती राहिलीच. तिला बटण असं काही नाही. काळी गुळगुळीत काच आणि तिच्यावर पांढरी चित्रं. आई त्या चित्रावर अंगठा असा रोवते, की खाली दडलेलं बटण कधी ना कधी शरण येणारच. शेगडी गप्प. मग मला हाक.

"जोरान दामलें तरी हिका कळना मरे!"

मी येतो, काच फडक्याने पुसतो, बोट नुसतं टेकवतो. बीप. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं ते कौतुक नसतं.

सोप्यावर पेटी घेऊन बसलेले बाबा तिथूनच म्हणतात, "अगं, जोर भात्यात असतो, बोटात नसतो." देवळातल्या सोमवारच्या भजनाला पेटी धरून त्यांना चाळीस वर्षं झाली. नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते हे वाक्य ऐकवतात. पेटीची पट्टी दाबली की मागची झडप उचलते, खालच्या पितळी जिभेवरून वारा सुटतो आणि सूर लागतो. झडप एकदा पुरती उघडली की पट्टी कितीही दाबा, आवाज तसूभर वाढत नाही. तो भात्याने वाढतो. तरीही पट्टी खाली जाते, बोटाला ते कळतं. काचेत खाली जाण्यासारखं काहीच नाही. आईचं भांडण खरं तर तेवढ्यापुरतंच आहे.

काचेखाली प्रत्येक चित्राच्या जागी धातूचा एक तुकडा असतो. पुष्कळ शेगड्यांत ती चक्क छोटी स्प्रिंग असते, खालून काचेला टेकलेली. वर आपलं बोट, म्हणजे कातडीच्या पिशवीत भरलेलं खारं पाणी, विजेच्या दृष्टीने बऱ्यापैकी वाहक. दोन वाहक आणि मधे काच, झाला कपॅसिटर. वीज साठवायचं भांडंच म्हणा. आतली चिप हे भांडं सेकंदाला कित्येकदा भरते, रिकामं करते आणि भरायला किती वेळ लागला ते मोजते. नळाखाली कळशी लावावी तसं. बोट टेकलं की कळशी किंचित मोठी होते, भरायला किंचित जास्त वेळ लागतो. चिपला कळतं ते एवढंच. ही वाढ साधारण एखाद्या पिकोफॅरडच्या घरातली, आणि पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक हिशेबात आईच्या अंगठ्याच्या ताकदीला रकानाच नाही. फार तर दाबल्यामुळे अंगठा जरा चपटा होतो, काचेला जास्त टेकतो, तेवढाच काय तो फायदा.

हे कळल्यावर मी एका दुपारी शेगडी रिकामी बघून स्वयंपाकघरातल्या वस्तू काचेला लावून पाहिल्या. हातात धरलेला स्टीलचा डाव चालला. लाकडी मुठीचा नाही. वाळलेली करवंटी नाही. साळदाटी केळं मात्र सालीसकट चाललं, अगदी बोटासारखं. शेगडीच्या लेखी मी आणि केळं यांत फरक नाही ही गोष्ट मी घरात अजून सांगितलेली नाही.

आईचा खरा वैरी पाणी. नारळ फोडून, खोवून, हात धुऊन ती तशीच शेगडीकडे वळते. बोटावरचं पाणी काचेवर पसरतं, दोन-तीन चित्रांना एकत्र जोडतं, आणि शेगडीला वाटतं एकाच वेळी तीन बोटं आली. काय करावं न कळून ती गप्प बसते. पेज उतू गेली तर उलटं. तिथे बोटच नसताना आमची शेगडी बीप-बीप करत बंद पडते. दमट हवेचं तिला एवढं काही वाटत नाही. हवा हळूहळू बदलते, आणि चिप "रिकामी कळशी केवढी" याचं आपलं माप त्याबरोबर हळूहळू सरकवत राहते. एकदम झालेला बदल तेवढा बोट समजायचा. काही चिपा तर इतक्या हिशेबी, की बोट खूप वेळ हललंच नाही तर त्यालाही हवामानात जमा करून टाकतात.

पेटीला ही सोय नाही. गोव्यात पावसाने इंचांची शंभरी गाठेपर्यंत लाकूड फुगतं, पट्टी खाली गेली की वर येत नाही, आणि अभंगाच्या मधोमध एक सूर नको तेव्हा रेंगाळत राहतो. बाबा झाकण काढून आत साठचा दिवा लावून ठेवतात. श्रावणात आमच्या सोप्यावर देवासमोर समई आणि पेटीत बल्ब, असे दोन दिवे असतात.

या विद्येची सुरुवातही एका वाद्यातच सापडते म्हटल्यावर बाबांनी कान टवकारले. लेव्ह तेरमेन हा रशियन, भौतिकशास्त्र शिकलेला आणि चेलो वाजवणारा. त्याने 1920 च्या सुमारास असं वाद्य केलं की हात लावायचाच नाही. दोन अँटेना, एका हाताच्या अंतराने सूर चढतो-उतरतो, दुसऱ्याने आवाज. हाताची तीच विजेची साठवण. बोटाने चालणारा पडदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. इंग्लंडात माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सनने 1965 मध्ये तो मांडला, विमानांची ये-जा सांभाळणाऱ्यांसाठी. फोनच्या काचेत आज त्याच विचाराचं बारीक जाळं असतं, आडव्या-उभ्या पारदर्शक तारांचं. फक्त तिथे बोट आलं की दोन तारांमधली साठवण वाढण्याऐवजी घटते. बाबांना एवढ्यात रस नव्हता. "हात न लावता स्वर कुठे आहे हे त्याला कळायचं कसं?" एवढंच त्यांनी विचारलं. कानाने, म्हटलं. ते बराच वेळ हवेत बोटं धरून बसले होते.

आईने तोडगा आपला आपण काढला आहे. काचेला ती आता पदर लावते, अंगठ्याला लावत नाही, आणि दाबते पूर्वीइतक्याच जोराने. बीप होईपर्यंत अंगठा उचलत नाही. तो बीप आहे म्हणून तिचं निभतं. बाबांनी तो कुठल्या सुरातला ते पेटीवर शोधून काढलं. पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधला कुठलातरी निघाला, धड हाही नाही, तोही नाही. संध्याकाळी आई भात लावायला उठली की ते सोप्यावरून आधीच काळी पाच धरून ठेवतात, निदान घरात एक तरी सूर बरोबर असावा म्हणून.