दिलेलं प्यादं परत घेतलं

रविवार, रात्र. ठाणे.

नौपाड्यातल्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत आज चौथ्या फेरीला पांढरी मोहरी आली आणि मी इव्हान्स गँबिट खेळले. तीन महिने रात्री ओटा आवरला की पट मांडून हेच चाललं होतं. चौथ्याच खेळीला बी-४, उंटाच्या तोंडी प्यादं द्यायचं आणि त्या बदल्यात पटाचा मध्य आणि वेग मिळवायचा. १८२०च्या दशकात इव्हान्स नावाच्या वेल्श कप्तानाने काढलेली ही सुरुवात. १९९५ला रिगामध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हने आपल्या आनंदला हीच खेळून २५ खेळ्यांत हरवलं होतं. तो डाव मला तोंडपाठ आहे.

समोर सत्तरीचे काका. त्यांनी प्यादं घेतलं, उंट ए-५ला नेला. मी डी-४, त्यांनी डी-६. मी कॅसलिंग केलं, राजा हत्तीच्या आडोशाला नेला. आता पेटणार, असं वाटत असतानाच काकांनी उंट उचलला आणि अजिबात आवाज न करता बी-६वर ठेवला. जुन्या जगज्जेत्या लास्करचा बचाव! हवं तर घ्या तुमचं प्यादं परत, असं सांगणारा.

घड्याळात अठरा मिनिटं होती. कडेचं प्यादं ए-४ला ढकलायचं सुचलंही होतं. पण एक प्यादं कमी असल्याची धाकधूक चौथ्या खेळीपासून पोटात होती, ती एकदाची संपवायची घाई झाली. घेतलं. वजिरावजिरी झाली, घोड्याने ई-५ मारलं, सहा-सहा प्यादी, हिशेब चुकता. मग पटाकडे नीट पाहिलं. हल्ला करायला काही उरलंच नव्हतं. माझी ए आणि सी फाइलवरची, म्हणजे त्या उभ्या रांगांतली, प्यादी एकेकटी, कोणाचा कोणाला आधार नाही. काकांची तिकडची तिन्ही शेजारी शेजारी. आधी सी-३ पडलं, मग ए-२. बावन्नाव्या खेळीला मी हार मानून हात पुढे केला. इतका जीव लावून शिकलेली सुरुवात मीच आठव्या खेळीला सोडून दिली, याचं फार वाईट वाटलं.

"छान खेळत होतीस गं," काका म्हणाले, "प्यादं परत का घेतलंस?"

"भीती वाटली, काका."

त्यांनी बी-६पर्यंतचा डाव पुन्हा लावला. "इथे ए-४ खेळ. पुढे ए-५ येईल, या विचाराने मला झोप लागली नसती." पाचव्या फेरीच्या जोड्या लागल्या तरी आम्ही तिथेच वाकून बसलो होतो.

साडेअकरा वाजलेत. घरचे झोपले. पट मांडलाय, काळा उंट बी-६वर आहे. ए-२चं प्यादं आत्ताच दोन घरं पुढे सरकवलं.