मेसेज बॉक्सचा फाँट मोठा करायला गेलो, दोन रविवार गेले

आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन मी एक्सेलवर बसवून दिलं. दर काढणं, दहा दिवसांचं बिल, पावती, सगळं मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, आपसूक लागलं. अडलं ते एका चौकटीपाशी.

फॅट ३.५ ऐवजी ३५ टाइप झालं तर अडवायला मी मेसेज बॉक्स, म्हणजे मध्येच उघडणारी सूचनेची चौकट, टाकला होता, मजकूर इंग्रजीत. काट्याजवळ बसतात तात्या. पहाटे साडेपाच, समोर किटल्यांची रांग, चष्मा कपाळावर. चौकट आली की न वाचताच एंटर. एकदा ३५ फॅट तसंच पुढे गेलं आणि बिलाच्या दिवशी बोलणी मी खाल्ली. तात्या म्हणाले, "अरे, मुंगीएवढी अक्षरं, त्यात इंग्रजी. मराठीत लिही की, ठसठशीत."

पाच मिनिटांचं काम म्हणून बसलो. कोडच्या खिडकीत मराठी पेस्ट केलं, तर नुसती प्रश्नचिन्हं. मग वाक्य शीटच्या सेलमध्ये ठेवून तिथून उचललं. सेलमध्ये मराठी लख्ख, चौकटीत पुन्हा प्रश्नचिन्हांची माळ. मला वाटलं फाँटच चुकतोय. मंगल लावून पाहिला, निर्मला यूआय लावून पाहिला, विंडोजची भाषा-सेटिंग्ज उलटीपालटी केली, दोनदा रीस्टार्ट. पहिला रविवार यातच संपला, जेवणावरून घरी ऐकून घेतलं ते वेगळंच.

दोष फाँटचा नव्हताच. व्हीबीएचा (एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा) मेसेज बॉक्स मजकूर दाखवण्याआधी तो युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या यादीतून, जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या यादीत, उतरवतो. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही, म्हणजे फाँटपर्यंत पोचायच्या आधीच अक्षराचं प्रश्नचिन्ह झालेलं असतं. व्हीबीएची कमांड बाजूला ठेवून विंडोजचं मेसेजबॉक्सडब्ल्यू हे फंक्शन थेट बोलावलं, तेव्हा 'फॅट तपासा' उमटलं. मी एकटाच टाळी वाजवली.

पण अक्षर तेवढंच बारीक! या फंक्शनला मजकूर, शीर्षक, बटणं आणि चिन्ह सांगता येतं, फाँट सांगायला जागाच नाही. तो विंडोज स्वतःच्या सेटिंगमधून घेतं. विंडोज ७ मध्ये मेसेज बॉक्सचा फाँट वेगळा बदलता यायचा, आता ती सोय काढलीय. विंडोज ११ मध्ये अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत फुगवता येतात, पण मग सगळ्याच खिडक्यांची फुगतात. एका चौकटीपायी संस्थेचा अख्खा कॉम्प्युटर कोण बदलणार?

शेवटी मेसेज बॉक्सचा नाद सोडला आणि यूझरफॉर्म, म्हणजे आपणच मांडायची चौकट, घेतला. वीस मिनिटांत झालं, याचाच जास्त राग आला. त्यावर एक लेबल, दोन बटणं. लेबलला निर्मला यूआय, आकार २०, मजकूर सेलमधून. बटणांवरची अक्षरंही सेलमधूनच भरा, प्रॉपर्टीच्या खिडकीत (बटणाची सेटिंग्ज भरतात ती) मराठी टिकत नाही. फॉर्मच्या शीर्षकात तर सेलमधून भरूनही प्रश्नचिन्हंच येतात, ते कोरं ठेवलेलं बरं. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: शीटचं नाव मराठीत असेल तर कोडमध्ये ते लिहिता येत नाही. शीट१, शीट२ असं जे आतलं इंग्रजी कोडनेम असतं, ते वापरा.

तात्यांची एंटरची सवय काही जाणार नव्हती. म्हणून टॅबच्या क्रमात 'दुरुस्त करा' हे बटण पहिलं ठेवलं. आता एंटर मारला की कर्सर परत फॅटच्या खान्यात. 'असू दे' हवं असेल तर माऊसनं किंवा टॅब दाबून मुद्दाम त्या बटणावर जावं लागतं. कोपऱ्यातल्या फुलीलाही 'दुरुस्त करा' समजायला सांगितलं, नाहीतर तात्यांनी ती वाट शोधलीच असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम डेअरीत गेलो. तात्यांनी चष्मा न लावता वाचलं. म्हणाले, "दिसतंय. पण 'तपासा' कसलं, 'तात्या, थांबा' असं लिही."

सेलमध्ये जाऊन तेवढं बदललं. कोड उघडावाच लागला नाही.