रिकाम्या जागांचा हिशोब

आज दुपारी भाषा मॉडेलचं ट्रेनिंग थांबवलं आणि एक बॅच (मॉडेलला एका वेळी दिला जाणारा नमुन्यांचा गठ्ठा) उघडून ओळीने वाचत बसले. आठ नमुने. एक १,९०० टोकनचा (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा), बाकी सात प्रश्नोत्तरांचे, प्रत्येकी सत्तरेक टोकनचे. सगळे पॅडिंगने, म्हणजे रिकाम्या भरतीने, सर्वात लांब नमुन्याइतके ताणलेले. म्हणजे १५,२०० जागा आणि खरा मजकूर जेमतेम २,४०० टोकन! जीपीयू (मॉडेलची गणितं करणारी चिप) दिवसभर पॅडिंग दळत होता. फार जीवाला लागलं.

मग पॅकिंग लिहिलं, म्हणजे अनेक नमुने एकाच ओळीत भरणारा कोड. नमुने लांबीच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि प्रत्येक नमुना २,०४८ टोकनच्या ज्या ओळीत आधी मावेल तिथे टाकायचा. आई बॅग भरताना आधी चादरी ठेवते, मोजे फटींत बसवते, तसंच.

पण खरी मेख पुढे होती. एकाच ओळीतल्या तिसऱ्या उत्तराला पहिल्या प्रश्नातले शब्द दिसत होते; मध्ये भिंतच नव्हती. प्रत्येक नमुन्यातल्या टोकनची पोझिशन (ओळीतला क्रमांक) पुन्हा ० पासून मोजली, फ्लॅश अटेन्शनला (कोणतं टोकन कोणाकडे बघतं ते झटपट मोजणाऱ्या कोडला) नमुन्यांच्या सीमा दिल्या: ०, ७५, १४५... तेव्हा कुठे पॅक केलेल्या आणि सुट्या नमुन्याचा लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) जुळला. तो आकडा मी तीनदा बघितला.

आता एका इपॉकच्या (सगळ्या डेटावरून एक फेरी) स्टेप्स खूपच कमी झाल्यात. म्हणून लर्निंग रेट (दर स्टेपला मॉडेल किती बदलायचं ते) उद्या सकाळी नव्याने बघणार.