जाड्या-रड्या एकट्याने बघू नका

जुन्या हॉलिवूडपटांतल्या त्या विनोदी जोडीची लॉरेल आणि हार्डी ही नावं मला बरीच उशिरा कळली, आमच्या चाळीत ते जाड्या-रड्याच होते. दादरला आमच्या मजल्यावर तेव्हा एकच टीव्ही, शेजारच्या काकांकडे, लाकडी शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट, आणि दूरदर्शनवर जाड्या-रड्या लागणार म्हटलं की त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग व्हायचा. पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे, एखादी काकू उंबऱ्यात बसून मेथी निवडतेय. इंग्रजी फारसं कोणालाच कळायचं नाही आणि त्यावाचून कोणाचं अडायचंही नाही.

तर मागच्या महिन्यात एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर त्यांचा ‘द म्युझिक बॉक्स’ लावला. 1932 चा, जेमतेम अर्ध्या तासाचा, विनोदी शॉर्ट फिल्मसाठीचं पहिलंच ऑस्कर मिळालेला. गोष्ट एवढीच की एक पियानो टेकडीवरच्या घरी पोचवायचाय आणि समोर जिना आहे, शंभरावर पायऱ्यांचा. तो जिना लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात अजून आहे. पाच वर्षं आधी त्याच जिन्यावर त्यांनी वॉशिंग मशीन चढवायचा एक मूकपट केला होता, त्याची एकही प्रिंट आज सापडत नाही आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते.

पण त्या रात्री मला मजा आली नाही. सगळं फार सावकाश वाटलं. पियानो गडगडत खाली जातो, जाड्या वळून थेट आपल्याकडे बघतो, आणि बघतच राहतो, काही घडतच नाही. माझं बोट स्पीड वाढवायला गेलं. शेवटी बंद केला आणि वाईट वाटत राहिलं, आपलं हसू आपल्यालाच सापडत नाहीये असं काहीतरी.

मग ह्या दोघांबद्दल वाचत बसले. पडद्यावर अक्कल कमी असलेला तो रड्या, स्टॅन लॉरेल, तोच ह्या जोडीचा मेंदू होता, विनोद रचण्यापासून एडिटिंगपर्यंत सगळ्यात त्याचं लक्ष. इंग्लंडमधल्या अल्व्हर्स्टन गावचा, तरुणपणी फ्रेड कार्नोच्या रंगमंचावरच्या विनोदी मंडळीत चॅप्लिनचा बदली नट. म्हणजे प्रेक्षक समोर बसवूनच घडलेला माणूस. फिल्म तयार झाली की ती आधी साध्या थिएटरात लोकांना दाखवायचे, लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात ते बघायचे आणि त्याप्रमाणे पुन्हा कापाकापी करायचे, का तर एका हशात पुढचं वाक्य बुडू नये. आपल्याकडे नाटकवाले लाफ्टर आला की थांबतात ना, अगदी तेच, फक्त इथे थांबणं फिल्ममध्येच भरून ठेवलंय. म्हणजे जाड्या आपल्याकडे बघत राहतो ती जागा रिकामी नाहीच, ती आपल्या हसण्यासाठी ठेवलेली आहे! चाळीत ती जागा पंचवीस माणसं भरून काढायची, आणि मी रात्री दीड वाजता कानात इअरफोन घालून एकटी बसले होते.

रविवारी मुद्दाम टीव्हीवर लावला, आई आणि लेकीला शेजारी घेऊन. लेक बारा वर्षांची, पहिली दोन मिनिटं तिचं ‘हे ब्लॅक अँड व्हाइट का’ चाललं होतं. मग जिन्यावर ती बाबागाडीवाली बाई आली, तिला वाट द्यायला दोघं बाजूला झाले आणि पियानोचं खोकं सुटलं, पायरीपायरीला आतल्या तारा झणझणतायत, आणि लेक जी फिस्सकन हसली. आई पदर तोंडाला लावून हसते, आवाज नाही, नुसते खांदे हलतात, ते मी कितीतरी दिवसांनी बघितलं. आणि नेमकं तेव्हा पडद्यावर जाड्या वळला, आपल्याकडे बघितलं, आणि आमचं हसून होईपर्यंत तो तसाच थांबला. शप्पथ सांगते, अंगावर काटा आला. तो माणूस 1957 मध्ये गेला, आणि आमच्या हॉलमधलं हसू ओसरेपर्यंत थांबतोय. तो गेल्यावर लॉरेलने पुन्हा काम केलं नाही, पण दोघांसाठी नवेनवे विनोद मात्र तो लिहीत राहिला. हे वाचल्यापासून जाड्याचा चेहरा मी जास्तच निरखून बघते. लहानपणी मी पडण्याला हसायचे, आता पडून झाल्यावर तो टाय सारखा करतो, टोपी नीट बसवतो, इतकं झालं तरी सभ्यपणा सोडायचा नाही, तिथे मला जास्त हसू येतं.

मग तो पोस्टमन येतो. दोघांनी मरमर करून पियानो एकदाचा वर नेलाय आणि हा सांगतो, अहो मागून रस्ता आहे की, गाडी थेट वरपर्यंत येते. दोघं एकमेकांकडे बघतात. लेक सोफ्यावर उभीच राहिली, “अरे वर आलाय ना, आता खाली नका नेऊ, कोणीतरी सांगा त्यांना!”

आईने चष्मा काढून डोळे पुसले. “नेणार गं ते,” म्हणाली, “मागच्या वेळीही नेला होता.”