भंडारदऱ्याला तंबूत राहायला जायचंय? आधी घरच्यांचं बघा

जानेवारीत आमचा कॉलेजचा ग्रुप पुण्याहून गाडी करून भंडारदऱ्याला गेला आणि धरणाच्या काठी तंबूत राहिला. ठिकाणाची माहिती कुठेही मिळेल. मी जास्त लिहितेय ते घरच्यांना तयार करण्याबद्दल, कारण खरा घाट तिथेच चढावा लागला.

मुलं-मुली एकत्र, रात्रीचा मुक्काम आणि बरोबर मोठं कुणी नाही. प्रत्येक घराची काळजी वेगळी निघाली. माझ्या आईने आधी बाथरूमचं विचारलं, बाबांनी गाडी कोण चालवणार ते. एका मैत्रिणीची आजी विंचूकाट्यावरच अडून बसली. शिवाय 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळ पुण्याचंच कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. धरण म्हटलं की बोलणं तिथेच संपायचं. त्यावर ‘काही होत नाही गं’ म्हणून भागत नाही. आम्ही सांगितलं, पावसाळा नाही, धबधब्याखाली जायचं नाही आणि धरणात कुणीही गुडघाभरसुद्धा उतरणार नाही, काठाला गाळ असतो. आणि ते पाळलं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते कर्वेनगरला एका मित्राच्या घरी सर्व आईबाबांना चहाला बोलावणं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरदादांनाही बोलावलं. दादा मंचरकडचे. दोन बाबांनी त्यांची जवळजवळ मुलाखतच घेतली. रात्री चालवता का, झोप किती घेता, लायसन दाखवा. दादांनी शांतपणे सांगितलं, ‘अंधार पडल्यावर मी घाटात गाडी घालत नाही, पोरांनी कितीही म्हटलं तरी.’ तिथे अर्धं काम झालं. तोवर एकमेकांना नावानेही न ओळखणाऱ्या आयांनी नंबर घेतले. ज्या काकांनी ‘मुली जाणार नाहीत’ असं ठणकावलं होतं, तेच जाताना मुलींच्या तंबूला टॉर्च किती ते विचारत होते.

गाडी ठरवताना पिवळ्या नंबर पाटीचीच, म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेलीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याचं लफडं होतं. बाबा लोकांना हे बरोबर कळतं.

आता नेटवर्क. धरणाजवळच्या शेंडी गावात फोन लागतो, पण आतल्या रतनवाडी-साम्रद गावांकडे गेलात की भरवसा नाही. म्हणून लाइव्ह लोकेशनचं वचन देऊ नका. नेटवर्क गेलं की ठिपका जिथे असेल तिथेच थांबतो. एका मैत्रिणीच्या आईला तो कितीतरी वेळ धरणाच्या पाण्यातच दिसत होता, त्या माउलीचं काय झालं असेल विचार करा. त्यापेक्षा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून या: कुठून कुठे, कुठे फोन लागणार नाही, कोणत्या वेळी आम्ही स्वतः फोन करू, तंबूवाल्यांचा आणि दादांचा नंबर. आम्ही सकाळी निघताना आणि संध्याकाळी शेंडीत परतल्यावर, असे दोनच फोन ठरवले होते. मधे फोन नाही म्हणजे काही बिघडलं असं नाही, हे आधीच सांगितल्यामुळे माझी आई दुपारी चक्क झोपली.

आजीच्या विंचूकाट्याला मात्र हसू नका. मण्यार साप रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि पुष्कळदा दुखत-सुजतही नाही. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही. काही झालंच तर मंत्र-जडीबुटी न करता थेट राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. 108 आणि 112 दोन्ही नंबर सगळ्यांना पाठ हवेत. थंडी पुण्यापेक्षा बरीच जास्त, पण कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका, धूर दिसला नाही तरी बंद जागेत तिच्या विषारी वायूने जीव जातो.

तंबू आणि जेवण तिथल्याच एका कुटुंबाकडून घेतलं. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. त्यांच्या घराचं बाथरूम वापरायला मिळालं, आईचा प्रश्न सुटला. हे बुकिंगच्या वेळीच विचारा आणि फोटो मागवा, ‘सोय आहे’ एवढ्यावर जाऊ नका.

रस्ता चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा. चाकणच्या कोंडीत अडकायचं नसेल तर सहाच्या आत पुणे सोडा. नारायणगावला मिसळ खाल्ली. भंडारदऱ्याचं हे धरण, म्हणजे विल्सन धरण, 1926 मध्ये पूर्ण झालं, तरी ते बघायला आमच्यातल्या कुणाला फारसा उत्साह नव्हता. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात मात्र सगळे गप्प होऊन कोरीवकाम बघत बसले. 1646 मीटरचं कळसूबाई शिखर मुद्दामच बेतात ठेवलं नव्हतं. पहिल्या परवानगीत तंबू आणि ट्रेक दोन्ही मागितलं की दोन्ही जातं.

परतताना रविवार संध्याकाळ असेल तर राजगुरुनगर ते मोशी किती वेळ लागेल याचा नेम नाही. घरी नऊ वाजता पोचू असं वाटत असेल तर अकरा सांगा.