विमानाच्या कारखान्यात काय लपवतात, काय सांगतात

अमेरिकेतल्या सिएटलहून, म्हणजे बोइंगची विमानं बनतात त्या भागातून, सोलापूरला आलो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतले मित्र हमखास विचारतात, "तिकडे विमानाच्या कंपन्या एकमेकींना काही कळू देतात का? आपल्याकडे चादरीच्या नव्या डिझाइनचा शेजारच्या कारखान्यालाही पत्ता लागू देत नाहीत."

नवं डिझाइन सिएटललाही कुलपातच असतं. पण कुठे काय बिघडलं, ते लपवायचं नाही, यावर हा सगळा धंदा उभा आहे.

ब्रिटनचं कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट. १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट हवेतच फुटून भूमध्य समुद्रात पडली. कारण कळेना. मग फार्नबरो इथल्या ब्रिटिश सरकारी विमान-संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत बसवलं. दर उड्डाणात आतल्या हवेचा दाब चढतो-उतरतो, तसाच आत पाण्याचा दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. आधीची उड्डाणं धरून ३,०५७ फेरे झाले आणि खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. धातू थकला होता. चौकशीचा अहवाल १९५५ मध्ये उघड छापला गेला, प्रतिस्पर्ध्यांनाही वाचता यावा असा. मला या धंद्याचा सर्वांत मोठा अभिमान इथे वाटतो.

आणि सांगायचं राहिलं की काय होतं, तेही सिएटलच्याच भागाने पाहिलंय. २०१८च्या पहिल्या अपघाताआधी बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाच्या वैमानिकांच्या पुस्तिकेत एमकॅसचं, म्हणजे विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या यंत्रणेचं, वर्णनच नव्हतं. पाच महिन्यांच्या आत दुसरा अपघात झाला. दोन्हींत मिळून ३४६ माणसं गेली. त्याचा राग अजून जात नाही.

काही ज्ञान मात्र कागदावर उतरतच नाही. पत्रे जोडणारा रिव्हेट मारताना एकजण बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. किती जोर द्यायचा हे पुस्तकात नाही. नवखा पोरगा जुन्या माणसाच्या हाताखाली राहतो, मग हळूहळू नुसत्या आवाजावरून त्याला कळायला लागतं. तो जुना माणूस निवृत्त झाला की कुठल्याच सर्व्हरवर ते सापडत नाही. आपल्या फिटर मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक. नासा १९७६ पासून वैमानिक, मेकॅनिक आणि हवाई वाहतूक कंट्रोलर यांनी स्वतःहून कळवलेल्या चुका गोळा करते, नावं काढून टाकते आणि सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. फुकट आहेत, इंग्रजीही सोपं आहे. मेकॅनिकांनी कळवलेल्या आधी वाचा.