अफगाण चर्च आणि न कोरलेली नावं

कुलाबा कॉजवेची गर्दी मागे टाकून नेव्ही नगरच्या रस्त्याला लागलं की मुंबईचा आवाज हळूहळू कमी होत जातो. लष्कराची वसाहत, जुनी झाडं आणि त्या झाडांच्याही वर गेलेला टोकदार दगडी मनोरा, सुमारे १९८ फुटांचा. एकेकाळी बंदराकडे येणारी जहाजं याच टोकाची खूण धरत.

कागदोपत्री हे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, पण टॅक्सीवाल्याला अफगाण चर्चच सांगायचं. इंग्रजांच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत गेलेल्यांचं हे स्मारक. पायाभरणी १८४७ ची, उपासना सुरू झाली १८५८ मध्ये, आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं. आराखडा हेन्री कोनीबेअर यांचा. विहार तलावाची पाणीयोजनाही त्यांचीच, हे कळल्यावर मला या माणसाबद्दल जास्तच आपुलकी वाटली.

बाहेरून पिवळसर कुर्ला दगड, आत पोरबंदरी दगडाच्या उंच टोकदार कमानी. भर दुपारी गेले होते, तरी आत गारवा होता. पायाखालच्या नक्षीदार फरशा इंग्रज वास्तुकार विल्यम बटरफील्ड यांच्या आराखड्याच्या. विल्यम वेल्स यांच्या रंगीत काचांमधून येणारा निळा-लाल उजेड त्यांवर पडला होता. बाकांना मात्र मी वाकून हात लावून पाहिला. कडेला खाचा आहेत. प्रार्थनेला येणारे सैनिक त्यांत बंदुका टेकवून ठेवत. लाकूड तिथे गुळगुळीत लागतं.

मग वेदीजवळच्या भिंतीवरच्या पाट्या. अधिकाऱ्यांची नावं ओळीने कोरलेली, आणि खाली मजकूर असा की खालच्या हुद्द्याचे आणि साधे सैनिक इतके होते की त्यांची नावं नोंदवता आली नाहीत. तलवारीने गेले, आजाराने गेले, एवढंच.

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. त्या काळी इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातली माणसं मोठ्या संख्येने भरती होत. बलुचिस्तानातलं काहूनचं ठाणं १८४० मध्ये, त्याच युद्धाच्या काळात, महिनोन्‌महिने लढवलं ते याच फौजेच्या पाचव्या पलटणीने. पुढे तीच मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काळी पाचवी’ झाली. तिथे कोण पडलं, कुठल्या गावचं, मागे घरी कोण होतं?

पाटीवरची नावं मी दोनदा वाचली. त्यांत आपल्याकडचं एकही नव्हतं.